चीर कोरडी आहे, म्हणूनच झोप नाही

सकाळच्या भूकंपाच्या धक्क्यात तुमचीही भांडी वाजली का? आमच्या मांडणीवरची सगळी खणखणली.

आधी सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. तासाभराने वास नाही बघून सुरू केला आणि नळीला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. हुश्श!

पण मोरीच्या भिंतीला चीर गेलीय, नेमकी पाण्याच्या पाइपावरून.

सासूबाई म्हणाल्या, "गळत न्हाय की! कशाला जिवाला घोर लावून घ्यायलीस?"

मी म्हटलं, "आत्या, पाइपात पाणी असलं तर गळंल की! नळाला पाणी परवा येणार."

दुपारपासून पाच वेळा त्या चिरेवर हात ठेवला. कोरडीच.

आज ज्यांच्या भागात नळ आले, त्यांनी भिंती बघून सांगा ना. एरवी नळाची वाट बघणारी मी, परवा पाणीच येऊ नये म्हणतेय!