पेटीतला जपानी रक्षक

नाटक मी लिहिलं होतं, पेटी मी बनवली होती आणि तिच्यात अडकलोही मीच. दोष द्यायला दुसरं कोणी शोधूनही सापडत नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी फिटर. विदर्भाकडून आलेली आमची घरं कॅम्प-१ मध्ये दाटीवाटीनं राहायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती आणि त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला काहीतरी नवं करायचं होतं. माझ्याकडे एक बुलबुलतरंग होता, टाइपरायटरसारख्या बटणांचा. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, हे वाद्य मूळ जपानचं. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश. एवढ्या भांडवलावर मी नाटक लिहिलं: एक जपानी बाई लांबलचक तंतुवाद्य वाजवते, त्या वाद्यात रक्षक आत्मा राहतो, बाईवर संकट आलं की तो आतून सूर काढतो आणि संकट पळतं.

वस्तीत शेवटचा शब्द रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांचा. त्यांनी माझी वही मिटली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"देव सोडले, भूतं सोडली. अन् तू आता जपानातून भूत मागवून राहिला?"

"भूत नाही काका, आत्मा आहे."

"तोही सोडला."

मी तिथल्या तिथे शेवट बदलला. शेवटी वाद्याची पेटी उघडेल, आतून माणूस बाहेर येईल. सूर काढणारा आत्मा नव्हता, आपल्यातलाच एक जण होता, हे सगळ्यांना दिसेल. काकांना पटलं.

"पण पेटी उघडलीच पाहिजे. नाही तं बाया घरी जाऊन नारळ फोडतील, अन् आपली सारी मेहनत गेली पाण्यात. समजलं?"

मी शब्द दिला. मला शब्द द्यायला कधीच वेळ लागत नाही.

रशियन यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या जमवून पेटी केली, वरून तारा ताणल्या. आत मी, बुलबुलतरंग मांडीवर घेऊन. बाहेर लुगडं जपानी पद्धतीनं गुंडाळलेला माझा जोडीदार, माझ्याच हाताखाली तयार झालेला फिटर. त्यानं नुसती बोटं फिरवायची, वाजवणार मी. आत कोण आहे हे गुपित होतं. आईलासुद्धा मी ड्यूटीवर जातो म्हणून सांगितलं.

दाराला साधी कडी चालली असती. पण फिटरला कडी आवडत नाही. मी बोल्ट लावला. नट हातानं दोन आटे फिरवायचा आणि शेवटी हातानंच काढायचा, असं ठरलं. फक्त वर्षभर मीच जोडीदाराच्या डोक्यात भरलं होतं की नट कधी नुसता हातानं आवळून सोडायचा नाही. पाना मारायचा, वरून दुसरा, चेक नट द्यायचा, नाही तर मशीनच्या हादऱ्यानं ढिला होतो. मी आत बसलो आणि त्यानं शिकवल्याबरहुकूम दोन्ही नट आवळले. मला ऐकू आलं. वाटलं, पोरगं कामाचं निघालं.

मे महिन्यात लाकडी पेटीत बसणं म्हणजे काय ते मी सांगणार नाही. नाटक मात्र रंगलं. खिळ्याच्या भोकातून मला पहिली ओळ दिसत होती, सगळे तोंड उघडं टाकून बसलेले.

"रक्षका, बाहेर ये," जोडीदार म्हणाला आणि दाराशी वाकला. मग बराच वेळ काही झालं नाही.

"फिरत नाही बे," तो कुजबुजला.

"पान्यानं फिरव."

"पाना शिफ्टवाल्यासंगं टूल-रूमले परत धाडला. टोकनावर आणला होता ना."

तो उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "रक्षका, बाहेर ये." दुसरं वाक्य मी त्याला लिहूनच दिलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा भोकातून मला दिसलं, पहिल्या ओळीतल्या एका म्हातारीनं हात जोडले. मग शेजारणीनं. काका उठून उभे राहिले होते.

मी आतून लाथा मारल्या. "मी आहे! माणूस आहे! काढा मले!"

पेटीत आवाज असा घुमला की माझं मलाच भेव वाटलं.

"माया पोराच्या आवाजात बोलून राहिलं वो," ही माझी आई. "पोरगा तं ड्यूटीवर हाय."

आता आणखी हात जोडले गेले. आई पुढे आली. "माया पोरगा असशील तं सांग, आमचे टाक कोठं शिरवले?"

दीक्षेनंतर तिनं देव्हाऱ्यातले चांदीचे टाक फडक्यात बांधून माझ्याकडे दिले होते, नदीत सोडून ये म्हणून.

"शिवनाथेत."

"ते साऱ्या कॅम्पाले मालूम हाय. कोण्या घाटावर?"

घाट कुठला? मी पुलापर्यंत गेलो होतो आणि हिंमत न होऊन परत आलो होतो. वस्तीत सगळ्यात मोठ्या आवाजात दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा म्हणणारा मी. एखादा घाट ठोकून देता आला असता, पण डोळ्यांत घाम, पाय मेलेले, आणि ऐनवेळी एकही घाट आठवेना.

"टाकले नाही आई. माया ट्रंकेत हायेत, वर्दीखाली. भेव वाटलं मले."

भोकापुढे आईचं लुगडं आलं होतं, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

"माया पोरगाच हाय," ती म्हणाली. "भूत एवढं भेत नाही."

आधी बाया हसल्या, मग सगळे. जोडलेले हात सुटले. काकांनी माइक ओढला. "ऐकलं ना? माणूस आहे. निघाला नाही, पण माणूस आहे." मग कोणीतरी लोखंडी सब्बल आणली, फळी फोडली आणि मी चार पायांवर बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वतः ट्रंक उघडली, गाठोडं घेतलं आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसली. पुलावर मी हात पुढे केला.

"तू सायकल धर," ती म्हणाली.

तिनं गाठ सोडली, टाक एकेक करून पाण्यात सोडले. घाई केली नाही. शेवटी रिकामं फडकं झटकलं, उन्हासाठी डोक्यावर घेतलं आणि पुन्हा मागे बसली.

"चाल. तुले ड्यूटी हाय ना?"

त्या दिवशी खरंच होती.