गावपळणीतला पंचनामा

वाडीला वाडीच्याच मानकऱ्याने फसवले. निवृत्तीनंतरही ते आठवले की माझे डोके तापते.

मालवण शहर वाढत वाढत त्या मच्छीमार वाडीला येऊन टेकले होते. माडांत चिऱ्याचे बंगले उठले, रिक्षा स्टँड आला. तरी जाळी सुकवायचे सामाईक मैदान आणि त्यातली गोड्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर, वाडीने राखली होती. एका बिल्डरने त्या मैदानाभोवती भिंत घातली.

फिर्याद द्यायला मासे विकणारी एक म्हातारी आली. टोपली ठाण्याच्या दारात ठेवून म्हणाली, "सायबानू, बाव भिंतीआड गेली. पाणी आता खंयसून हाडूचा? तुमच्या घरातसून?"

बिल्डरने एका सरकारी अधिकाऱ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत पुढे केली. त्यात लिहिले होते: जागा समक्ष पाहिली. पडीक, विहीर नाही, वहिवाट नाही. पंच म्हणून मानकऱ्याची सही. देवळात वाडीच्या वतीने गाऱ्हाणे घालणारा माणूस!

प्रत उतरवून घेणारा हवालदार मध्येच थांबला. "साहेब, ही तारीख गावपळणीतली."

गावपळण म्हणजे देवाच्या हुकमाने तीन दिवस गाव रिकामा. माणसे, गुरे, कोंबड्यासुद्धा वेशीबाहेर झोपड्यांत. या दिवसांत वेशीआत पाऊल टाकले तर देव कोपतो, ही श्रद्धा. नवे बंगलेवालेही कुरकुरत का होईना, जात. मी स्टेशन डायरी काढली. 'वाडी निर्मनुष्य. वेशीवर बंदोबस्त.' खाली सही माझीच.

मानकऱ्याला बोलावले. दोन तास तो एकच सांगत राहिला, "सही माझी. जाग्यार केलंय."

मी शिपायापासून वर आलेला माणूस. आधी टेबलावर हात आपटला, मग डाव टाकला. "ठीक. गावपळण चालू असताना तुम्ही वाडीत होता, असा जबाब लिहितो. देवळासमोर वाचून दाखवतो."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "माका आत घाला, पण गावपळणीत गावात गेलंय असा लिवू नकात! सायब नि बिल्डर झोपडीर इले. थंयच सही केलंय. जाग्यार कोणीच गेलो नाय. झिलाक रस्त्यार गाळो देतंय म्हणालो बिल्डर."

वेस ओलांडायला घाबरणाऱ्या त्या माणसाने मुलाच्या दुकानासाठी शेजाऱ्यांचे पाणी मात्र बेधडक तोडले होते. तेव्हापासून कागद वाचण्याआधी मी विचारतो, त्या दिवशी गाव काय करत होते?

मानकरी आणि बिल्डर यांच्यावर दोषारोपपत्र गेले. अधिकाऱ्याचे नाव मला वरून गाळायला लावले. तो बढती घेऊन गेला. भिंत उभीच आहे.

बढतीवाले साहेब, तुम्ही 'समक्ष' पाहिलेली जागा कुठली होती? उत्तर मला नको. त्या म्हातारीच्या दारात उभे राहून द्या.