मालकाचा वाटा आणि माझी आई

माझ्याविरुद्ध आयुष्यात एकच मोर्चा निघाला, आणि तो माझ्या आईनं काढला.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. निपाणीतल्या एका विडी कारखान्यात मी कारकून होतो. आई त्याच कारखान्यासाठी घरी विड्या वळायची. विडीवाल्या बायकांना नुकताच प्रॉव्हिडंट फंड लागू झाला होता. सरकारी कागद इंग्रजीत, आणि ऑफिसात इंग्रजी येणारा मी एकटा. (असं मीच सांगून ठेवलेलं!) एक वाटा कामगाराचा, तेवढाच मालकाचा, एवढं मला कळलं. मग दोन्ही वाटे बायकांच्या मजुरीतून कापून मी मोकळा! मालकांनी पाठ थोपटली.

शनिवारी मजुरी मोजून आई म्हणाली, "दिनकर, लईच कापलंय की रं?"

"फंड हाय, आई. म्हातारपणाची सोय. एक वाटा तुझा, एक मालकाचा."

"मालकाचा कुणी भरला?"

"तुझ्याच मजुरीतनं कापलाय."

"मग त्यात मालकाचं काय हाय?"

"नाव हाय की!"

आईनं पैसे कनवटीला खोचले. मला वाटलं, पटलं.

सोमवारी कारखान्याच्या दारात साठ-सत्तर बायका! पुढं आई. "दिनकर कारकून, मुर्दाबाद!" तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

मालक हबकले. "कोण रं ही बाई?"

"माझी आई."

"मग समजाव की तिला!"

मी खिडकीतून डोकं काढलं. आईनं खालून डबा वर धरला. "न्याहारी न करता आलायस. आदी भाकरी खा, मग वरडतो आमी!" आणि माझी भाकरी संपेपर्यंत सगळ्या बायका शांत उभ्या! (इतकी अवघड भाकरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.)

बायकांनी आधीच निरोप धाडला होता. दुपारी बेळगावहून कामगार खात्याचे साहेब आले. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "मालकाचा वाटा मालकानं खिशातून भरायचा! जादा कापलेले पैसे आजच परत करा."

मग ते आईकडं वळले. "बाई, कायदा कुणी शिकवला?"

"कायदा न्हाय ठावं, साहेब. पर माज्याच ताटातलं दोघांचं काढायचं, आन् मालकानं नुसता ढेकर द्यायचा, ह्यो कसला वाटा?"

माझी छाती अशी फुगली, की मुर्दाबाद मीच आहे हे विसरलो!

"आन् ह्येचा फंड?" आईनं माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी पगाराची वही चाळली. माझा फंड नव्हताच! पगारही सरकारी किमान वेतनाहून कमी. दुसऱ्यांचा हिशेब लिहिताना माझा बघायचाच राहिला होता! साहेबांनी तिथल्या तिथं दोन्ही दुरुस्त करायला लावलं.

सगळ्यांनी कागदावर खुणा करायच्या होत्या. आईनं झोकात अंगठा उठवला. मी इंग्रजीत सही करायला ऐटीत पेन उघडलं, तोच साहेब शाईचा पॅड पुढं सरकवत म्हणाले,

"राहू द्या. तुम्ही पण अंगठाच द्या!"