लीलाचा दिवा हिरवाच राहिला

हुबळीच्या कमरीपेठेतल्या घरी आरुषी केदारी परतली की जेवणाआधी एक प्रयोग व्हायचा. ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायची, ओढणी शालीसारखी खांद्यावर टाकायची आणि तिचे मार्गदर्शक सुधींद्र सर व्हायची. "असं बघा, डेटा कधी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात!"

दुर्गव्वा, तिची आई, पोट धरून हसायची. धाकटा भाऊ प्रशिक दिवसभर दुर्गदबैलच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात पाइप कापून आलेला असायचा, तोही "वन्स मोअर" ओरडायचा. सगळ्यांत जास्त हसायची ती लीला, प्रशिकची बायको. तोंडावर पदर घेऊन म्हणायची, "आक्का, सरांनी ऐकलं तर पीएचडी काढून घेतील हो तुमची!"

ती पीएचडी म्हणजे घरातलं मोठंच प्रकरण. दुर्गव्वानं रेल्वेच्या वर्कशॉपात झाडलोट करून पोरीला शिकवलेलं. पोरगी धारवाडला संगणकावर संशोधन करते, एवढं कळत होतं. नेमकं काय करते, असं कुणी शेजारपाजारचं विचारलं की दुर्गव्वा सांगायची, "पोटुशा बायकांचे दिवे लावते."

खोटं नव्हतं ते. सरांच्या प्रकल्पानं एक अ‍ॅप केलं होतं. हुबळीच्या काही वॉर्डांतल्या गरोदर बायकांची नावं त्यात असायची. वॉर्डातली आशाताई दर भेटीला रक्तदाब, वजन, रक्त किती, ते भरायची आणि बाईच्या फोनवर तिच्या नावापुढं दिवा दिसायचा. हिरवा म्हणजे बरं आहे. पिवळा म्हणजे जपा. लाल झाला की फोन यायचा, पाठोपाठ दारात गाडी. त्या गाडीत बसून वेळेवर पोचलेल्या, हातात बाळ घेऊन घरी आलेल्या बाया होत्या. म्हणून तर आरुषी रात्रीच्या जेवणाला उशिरा यायची आणि कुणी तिला बोलायचं नाही.

लीलाला दिवस गेले तेव्हा आरुषीनं स्वतः तिचं नाव घातलं.

"भ्या वाटतंय आक्का."

"कशाचं भ्या? दिवा लाल झाल्याबिगर घाबरायचं नाही. कोण काय बोलू दे, तू आपला दिवा बघ."

"आणि सासूबाई बोलल्या तर?"

"तरी दिवा."

आतनं दुर्गव्वा ओरडली, "माझं ऐकूच नको गे बाई, माझ्यात करंट नाही!"

सातव्यात कुबसा झाला. कुबसा म्हणजे माहेरची माणसं चोळी-साडी घेऊन येतात, हिरव्या बांगड्या भरतात, सगळ्या गल्लीला जेवायला घालतात आणि लेकीला बाळंतपणाला घेऊन जातात. कलघटगीहून लीलाची आई वत्सला आली होती. बुद्धवंदना झाली, पंगत उठली. निघताना लीलानं मनगट आणि फोन शेजारी शेजारी धरून दाखवले.

"आक्का, बघा की. बांगड्या हिरव्या, दिवा बी हिरवा!"

कलघटगीच्या आशाताईकडं ते अ‍ॅप नव्हतं. ते हुबळीपुरतंच होतं. लीला माहेरी गेली त्या दिवसापासून तिच्या नावापुढं कुणीच काही भरलं नाही. आणि दिवा? शेवटची नोंद चांगली होती, म्हणून दिवा हिरवा. रोज सकाळी फोन उघडला की हिरवा.

पाय सुजले. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. वत्सला म्हणाली, "चल गे, डॉक्टरला दाखवू."

"आई, हे बघ. हिरवंच हाय. आक्कांनी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी वत्सला परत म्हणाली. लीलानं परत फोन दाखवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत तिला झटके आले. हुबळीला आणेपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. लीला वाचली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रशिक बहिणीजवळ आला. रडला नव्हता. नुसतं विचारलं, "आक्का, तुझ्या दिव्यात तेल होतं, का नुसतीच काच?"

सुधींद्र सर येऊन गेले. लीलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी डोळे पुसले. तेही खोटं नव्हतं.

लीला घरी आली. आठवडाभर भिंतीकडं तोंड करून होती. मग एका दुपारी म्हणाली, "आक्का, तुमच्या त्या पुस्तकात किती बायका, किती बाळं, सगळं लिहितात नव्हं?"

"लिहितात."

"त्यात माझी पोरगी घाला. बारसं नाही, नाव नाही. कुणी तोंड बी धड बघितलं नाही. तिथं तरी एक म्हणून मोजा."

"घालते," आरुषी म्हणाली. "शब्द देते."

धारवाडच्या प्रयोगशाळेत प्रकल्पाच्या पेपरातलं निकालाचं प्रकरण लिहायचं चाललं होतं. सर आणि श्रीहर्ष, ज्यानं अ‍ॅपचा प्रोग्रॅम लिहिला तो.

"असं बघा, आरुषी," सर म्हणाले, "बाई अभ्यासक्षेत्राबाहेर गेली की तिची नोंद वगळायची. हे आपणच आधी ठरवलंय. तुम्हीही सही केलीय."

"ती बाहेर नाही गेली सर. माहेरी गेली."

"तेच ते. कलघटगी आपल्या क्षेत्रात येत नाही."

"सर, तुमचा जन्म कुठला?"

"माझा? गदगचा. आजोळी. का हो?"

श्रीहर्षची बोटं थांबली. मान वर न करता तो म्हणाला, "माझा सौंदत्तीचा. आईच्या माहेरी."

याच खोलीत बसून त्यांनी दिव्याचे रंग ठरवले होते. सातव्यात बाई कुठं जाते, हे या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आरुषीलासुद्धा. इतकं ठाऊक होतं की कुणाला ते विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"इरली बिडु," सर कानडीत पुटपुटले. असू दे, सोडा. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या घरचं दुःख आहे, मी समजू शकतो. म्हणूनच हे प्रकरण श्रीहर्षकडं देतो. इथं तटस्थ माणूस हवा."

"आणि लीलाची मुलगी?"

"वगळलेल्यांत. नियमानं."

बेंगळूरूहून अधिकारी आले. सभागृहात शाली, हार, पाणी. अ‍ॅप राज्यभर न्यायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. आरुषीला पडद्यामागच्या लॅपटॉपवर बसवलं होतं. सर व्यासपीठावरून म्हणाले, "मला सांगायला अभिमान वाटतो, आमचा एकही लाल दिवा हुकला नाही."

ते खरंच होतं. लीलाचा दिवा लाल झालाच नव्हता.

आरुषीनं पुढचं चित्र लावायचं सोडून अ‍ॅप उघडलं. भिंतभर पडद्यावर नाव आलं. लीला प्रशिक केदारी. महिना सातवा. शेजारी हिरवा दिवा, ताटाएवढा.

"वा! हिरवा!" पहिल्या रांगेतले साहेब म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

आरुषी उभी राहिली. माइक नव्हता, पण आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "ही बाई माहेरी गेली. हिची मुलगी पोटात मेली. दिवा अजून हिरवा आहे."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी खाकरलं. सरांनी माइक जवळ ओढला. "महत्त्वाची सूचना आहे. आपण चहानंतर यावर बोलू."

चहानंतर पाहुण्यांना गाडी गाठायची होती.

अ‍ॅप राज्यभर गेलं. आता नाव घालताना ते माहेरचा पत्ता विचारतं, तिथल्या आशाताईला बाई दिसते आणि नोंद थांबली तर दिवा विझतो. सरांनी फोन करून सांगितलं, "तुमचं म्हणणं आम्ही घेतलंय, आरुषी. आपला पेपर छापून आलाय, पाठवतो." पेपरात मरण पावलेल्या बाळांच्या रकान्यात शून्य होतं.

घरी लीलानं तिला पुढ्यात बसवलं. "आलीय माझी पोरगी? वाचून दाखवा."

आरुषीनं शोधून शोधून ते एक वाक्य काढलं आणि मराठीत करून वाचलं. सवयीनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला, आवाज सरांचा झाला. "वापरकर्त्यांकडून आलेल्या सूचनेनुसार माहेरच्या पत्त्याची सोय करण्यात आली आहे."

कुणी हसलं नाही. प्रशिक उठून बाहेर गेला. दुर्गव्वा ताटं मांडायची थांबली.

लीलाला खरंच कळलं नव्हतं.

"पण आक्का," तिनं विचारलं, "मी कधी सूचना केली?"