सासूच्या वाट्याचं

पनवेलच्या मासळी बाजारातली माझी नेहमीची कोळीण बोंबलाच्या प्रत्येक मुंडक्यावर कोयता मारताना आदल्या रात्रीच्या मालिकेतल्या खाष्ट सासूला मनसोक्त शिव्या घाली. परवा मात्र ती गप्प होती.

“काय मावशी, काल मालिका संपली ना? शेवट तर गोड झाला!”

“गोड कसला! सासूनं सुनेचे पाय धरले. पोरीचं बरं झालं, पन मी आता भांडू कोनाशी? तुमी तर घासाघीस पन करत नाय.”

खरंच, हातातली यादी संपली की मी निघते. त्या दिवशी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, “बोंबील शिळे दिसतात.”

“शिले? माजे बोंबील शिले? डोले फुटले काय तुजे?”

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि सासूच्या वाट्याचं सगळं मी हसत हसत ऐकून घेतलं.