झाडून ठेवलेलं शिवार

दिगंबर गेल्याची बातमी मला ईट गावच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानासमोर कळली. आमच्या गावातल्याच एकानं मोटारसायकल थांबवून सांगितलं, "गुरुजी, तुमचं ते किड्याचं सायेब गेलं म्हणं की. सकाळी, धाराशिवला." मी पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर बसलेला दुसरा सहज म्हणाला, "कोण, ते व्हय? ज्याच्या किड्यानं आपलं सूर्यफूल खाल्लं?" ...आणि मी गप्प राहिलो. वीसेक वर्षांपूर्वी मारुतीच्या पारासमोर गप्प राहिलो होतो, अगदी तसाच. आज त्याला जाऊन सहा आठवडे झाले. माणूस गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून ते पायरीवरचं वाक्य मला जास्त छळतं. कारण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं गावात फक्त मला माहीत आहे.

दिगंबर आणि मी एका बाकावरचे. पाटीपेन्सिलीच्या डबीत तो किडे पाळायचा, त्यापायी मास्तरांचा मार खायचा आणि मार खाऊन झाला की आधी डबी उघडून किडा जिवंत आहे का ते बघायचा. चालता चालता कुठल्याही झाडाचं पान उलटून पाहायची त्याची खोड तेव्हापासूनची. "जग पानाच्या पाठीला असतं बाबू," असं तो म्हणायचा आणि मी त्याला वेड्यात काढायचो. पुढं मी मास्तर झालो, शेती सांभाळली. तो शिकत शिकत कीटकशास्त्रज्ञ झाला, एका संशोधन केंद्रात लागला, तेव्हाच्या उस्मानाबादेत घर केलं. जगभरचे कीटकशास्त्रज्ञ किडे मारण्यात आयुष्य घालवतात, आमच्या या पठ्ठ्यानं एक किडा जगवण्यात घालवलं.

त्या किड्याचं कारण गाजरगवत. परमुलखातून आलेलं, पांढऱ्या बारीक फुलांचं हे रान आमच्या बांधांवर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानात कसं माजलंय ते सांगायला नको. जनावर त्याला तोंड लावत नाही. माणसाच्या कातडीला लागलं की खाज सुटते. आमच्या हिचे हात तर खुरपणीच्या दिवसांत कोपरापर्यंत सोलवटून निघायचे. दिगंबर एकदा घरी जेवायला आला असताना त्यानं ते हात पाहिले. पुढच्या पावसाळ्यात तो एसटीतून उतरला तो तोंडाला फडकं बांधलेल्या चार बरण्या घेऊन. आत तुरीच्या दाण्याएवढे भुंगे, दुधाळ पाठीवर वेड्यावाकड्या काळ्या रेघा. ते भुंगेही त्या गवताच्याच मुलखातले. गवत इकडं आलं, त्याला खाणारा तिकडंच राहिला, हीच सगळी गोम आहे, असं तो सांगायचा.

गावानं त्याची यथेच्छ टिंगल केली. "दुनिया किडं मारायला फवारा आणती, अन् ह्यो दिग्या किडं घिऊन आलाय!" दिगंबर हसला. पण पारावर एका म्हाताऱ्यानं खरा प्रश्न विचारला, "आन् गवत सरल्यावर त्ये काय खाईल?" तेव्हा दिगंबर नको इतका ठाम बोलला. म्हणाला, "आबा, हा दुसरं काही खात नाही. तुमच्या पिकाला तोंड लावलं तर भर पारावर मला जोडे मारा." सगळे हसले, पण वाक्य लक्षात ठेवलं. आमच्याकडं माणसाच्या लेकराबाळांची नावं विसरतील, पण बोललेली पैज विसरणार नाहीत.

माझ्या शेताचा एक कोपरा आणि सगळा बांध त्यानं भुंग्यांसाठी मागून घेतला. शेजारीच माझं सूर्यफूल. त्याची अट एकच होती, "या कोपऱ्यातली एक काडी उपटू नको." दोन पावसाळ्यांत भुंग्यांनी गवताच्या पानांची जाळी करून टाकली. दुसऱ्या वर्षी त्याच्या वरच्या साहेबांनी शिवारफेरी ठरवली, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. जमलं तर जिल्हाभर भुंगे सोडायचे होते. दिगंबरची दहा वर्षांची मेहनत त्या एका दिवसावर टांगलेली होती.

आता मी जे सांगणार आहे ते गावात आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडं अंगण सारवतात, रांगोळी घालतात. माझ्या वडिलांनी तर पाहुण्याला कधी तणाचं शेत दाखवलं नाही. इतके साहेब लोक येणार आणि माझ्या बांधावर कमरेएवढं रान? मला ते बघवेना. शिवारफेरीच्या तीन दिवस आधी मी चार बाया लावल्या आणि फुलोऱ्यात आलेलं सगळं गाजरगवत उपटून काढलं. हिनं विचारलं होतं, "अवो, भाऊजी नगं म्हणले व्हते नव्हं?" मी म्हणालो, "तुला कळत न्हाय. दाखवायला ठिवलीत की चार झाडं." खरोखरच चार झाडं ठेवली होती, कोपऱ्यात एका ओळीत, तुळशीसारखी! उपटलेल्या गवताचा ढीग सूर्यफुलाच्या कडेला टाकला. शिवार कसं आरशासारखं झालं. मी खूश होतो.

तीन दिवसांनी साहेब आले, गाव जमलं. चार झाडांचे नुसते दांडे उरले होते, त्यांवर भुंगा नावाला नव्हता. तो सगळा सूर्यफुलावर होता. पानांना भोकं पडलेली. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी "खात न्हाय म्हणं!" असं ओरडलं. दिगंबर वाकला, सूर्यफुलाच्या पानावरून त्यानं बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी पांढुरकी धूळ लागली. त्यानं बोटाकडं पाहिलं, मग वाळत पडलेल्या ढिगाकडं, आणि मग माझ्याकडं. त्याला एका क्षणात कळलं होतं. उपाशी भुंगे आणि पानोपानी पडलेले गवताचेच पराग... भुंगा वासाला फसला होता. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, पण ती नजर कळली. 'बोल,' असं ती म्हणत नव्हती. 'बोलशील का?' असं विचारत होती. मी चपलेनं ढेकूळ फोडत उभा राहिलो. मग त्यानंच साहेबांना सांगितलं, "चूक माझी. मी आणखी तपासायला हवं होतं." परतताना पारापाशी एक टोणगा पुढं आला आणि म्हणाला, "काय सायेब, काढू का जोडा?" दिगंबरनं खरंच मान खाली घातली. तेव्हाही मी गप्प.

दुसऱ्या दिवशी गावानं फवारे मारून भुंगे संपवले. त्याचं काम बंद झालं आणि त्याला कागद रंगवायच्या खुर्चीवर बसवलं. आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटायचं. तो फोन करायचा. घरामागं कुंपणाशी त्यानं हातभर गाजरगवत राखलं होतं, तिथं भुंगे पाळले होते. धुतलेलं सूर्यफुलाचं पान, पराग शिंपडलेलं पान, असं त्यांच्यापुढं ठेवून बघायचा. "धुतलेलं पान चाखतो अन् सोडतो रे," असं उत्साहानं सांगायचा. त्या उत्साहात मला माझ्यासाठी एक दार उघडं ठेवलेलं दिसायचं आणि मी पावसापाण्याचं बोलून ते लावून घ्यायचो. शेवटच्या भेटीत तो खूप थकला होता. निघताना त्यानं विचारलं, "तुझ्या बांधावर आता भुंगे असतात का रे?" मी म्हणालो, "असतात की. लई असतात." मी वीस वर्षांत एक पान उलटून पाहिलेलं नव्हतं. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथं थांबवेना.

गेल्या आठवड्यात दिगंबरच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. नातवाला दमा आहे, तो राहायला येतोय, तेवढं कुंपणाचं गवत काढून द्याल का? खुरपं घेऊन गेलो. पावसानं गवत तरारलं होतं. बसलो आणि नकळत एक पान उलटलं. पाठीला भुंग्यांची पिवळी बारीक अंडी चिकटलेली. खुरपं हातातच राहिलं. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, त्या टायमाला माझ्या शेतातलं गवत म्याच उपटलं होतं."

वहिनींनी कप कट्ट्यावर ठेवला. "माहीत आहे भाऊजी. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यांनी तेच सांगितलं. म्हणाले, बाबूनं माझ्यासाठी सगळं शिवार झाडून ठेवलं होतं गं. चारचौघांत त्याचं नाव कसं घेऊ?" मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बोलेल कधीतरी, म्हणायचे. वाट बघायचे हो."

मी गवत उपटलं नाही. अळ्या मोठ्या होऊन मातीत उतरेपर्यंत मुदत मागून घेतली. नातू येण्याआधी मीच येईन आणि ते भुंगे मातीसकट माझ्या बांधावर नेईन. दिगंबरला मी जे खोटं सांगितलं, ते निदान आता खरं व्हावं. राहिली गावाची गोष्ट. सूर्यफूल दिगंबरच्या किड्यानं खाल्लं, पण त्याला उपाशी ठेवून ते ताट मी वाढलं होतं. हा लेख छापून आला की मी तो पारावर मोठ्यानं वाचणार आहे. ज्याला जोडा काढायचा असेल, त्यानं तिथं काढावा... दिगंबरनं खाली घातलेली ती मान माझी होती.