खंडेनवमीनंतरचा लॅपटॉप

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांसोबत लॅपटॉपही पूजेला मांडावा, हा हट्ट माझाच. पडद्यावर डाग नको म्हणून हळदकुंकू, अक्षता आणि पंचामृताचे थेंब मी वरच्या ओळीतल्या कळांवर वाहिले.

दसरा उलटल्यावर पत्नी कामाला बसली. हुपरीच्या एका कारागिरासाठी ती पैंजणांची नक्षी लॅपटॉपवर काढते. पडदा भगभगत होता. उजेडाची पट्टी ती खाली ओढी, तोच पट्टी आपोआप वर चढे. तिला अर्धशिशीचा त्रास आहे. थोड्याच वेळात ती कपाळ दाबत उठली आणि न्हाणीघरात जाऊन ओकली.

“काहीतरी भलतंच दाबलं असशील,” मी म्हणालो. आवाज हळूच होता. माझे टोचणे नेहमी हळूच असते.

“व्हय की. घरात बिघडतंय ते सगळं माझ्याच हातनं!”

तेवढ्यात कारागिराचा फोन आला. “वहिनी, सांजंपर्यंत नक्षी न्हाय आली तर दुसऱ्याची घेतो. गिऱ्हाईक थांबत न्हाय.”

आजवर ती इतरांचे नमुने उतरवीत असे. स्वतःच्या मनाची ही तिची पहिलीच नक्षी होती. फोन ठेवून ती अंधाऱ्या खोलीत जाऊन पडली.

मोबाइलवरचे सल्ले ऐकत मी लॅपटॉप बंद-चालू केला, पडद्याचे ड्रायव्हर-सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले. पट्टी चढतच राहिली. मग कळांच्या फटीत शिरणाऱ्या मुंग्या दिसल्या.

उजेड वाढवणारी कळ दबलेलीच होती. लॅपटॉप बंद करून ती टाचणीने उचकटली, तर आंबलेल्या दह्याचा भपकारा आला. खाली मधात रुतून मेलेल्या मुंग्या, फुगून लिबलिबीत झालेला तांदूळ, कुंकवाचा काळपट चिकटा. ओल्या कापसाने पुसताना ते नखांत शिरले. मला शिसारी आली. ही घाण मीच भक्तिभावाने तिथे ओतली होती, आणि त्याचा दोष तितक्याच शांतपणे ओकणाऱ्या बाईच्या माथी मारला होता. त्या क्षणी स्वतःच्या मवाळ आवाजाचीही मला किळस वाटली.

कळ बसवली. पट्टी खाली आली आणि तिथेच राहिली.

“माझंच पंचामृत होतं,” मी खोलीच्या दारातून म्हणालो. “तुला उगाच बोललो.”

“देवाला सोडून यंत्राला पाजलासा व्हय?” ती भिंतीला धरून उठली. “आदी हात धुवा जावा. हितवर वास येतोय.”

मंद पडद्यापुढे, मध्येमध्ये डोळे मिटून घेत, तिने राहिलेली वेल पुरी केली. दिवेलागणीआधी नक्षी हुपरीला गेली. कारागिराने ‘पोचली’ एवढेच कळवले. ती पुन्हा जाऊन पडली, आणि मी दार आवाज न करता लोटून घेतले.